दमणला निघताना आधी पंचांग बघा, मग हॉटेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीहून पाच जण, त्यात सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे आणि दहा वर्षांचा मुलगा. डिसेंबरातला शनिवार-रविवार. दमणला दारू आणि काळपट वाळू यांपलीकडे बघण्यासारखं काही आहे का, आणि एका दिवसात उरकेल का?

आहे, आणि बरंच आहे. उरकायचंच म्हटलं तर एका दिवसात उरकतंही. पण घरात वडीलधारी माणसं असतील तर एक रात्र राहा, कारण दमणची मजा सकाळी साडेसात ते अकरा आणि संध्याकाळी चारनंतर. मधल्या उन्हात किल्ल्याचे दगड तापतात, बाजार झोपतो, आणि चिडचिड कुठल्याही वयाच्या माणसाची होते. मी अनेक वर्षं मुंबई-ठाण्याची मंडळी या पट्ट्यात घेऊन जाते: वसई, डहाणू, संजाण, उदवाडा, दमण. दमणहून नाराज होऊन परतलेली बहुतेक माणसं मी दोनच प्रकारची पाहिली आहेत. एक, गोव्याची अपेक्षा ठेवून गेलेली. दोन, ओहोटीच्या वेळी समुद्रावर पोचलेली.

पहिल्यांचं मी काही करू शकत नाही. दुसऱ्यांसाठी उपाय घरातच भिंतीवर टांगलेला असतो.

दमण खंबातच्या आखाताच्या तोंडाशी आहे. आखात उत्तरेला निमुळतं होत जातं, त्यामुळे आत शिरणारं पाणी वर चढतं आणि भरती-ओहोटीतला फरक मुंबईपेक्षा मोठा असतो. किनारा अगदी सपाट. म्हणजे ओहोटीला पाणी नुसतं उतरत नाही, ते लांब निघून जातं, आणि मागे उरतो तो ओला, करडा चिखल. त्यात पाय घालून फोटो काढायला कुणाला आवडत नाही. कोकणातला जुना ठोकताळा तुम्हाला माहीत असेल: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. दमणला भरती मुंबई-कोकणापेक्षा उशिरा पोचते, म्हणून हिशेब थोडा पुढे सरकवायचा.

आता गंमत बघा. लोक हौसेने पौर्णिमेचा शनिवार-रविवार निवडतात, चांदणं मिळेल म्हणून. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी येते आणि सूर्यास्ताच्या वेळी पाणी ओसरून दूर गेलेलं असतं. शिवाय या दिवसांची ओहोटी सगळ्यात मोठी, म्हणजे चिखलही सगळ्यात जास्त. उलट अष्टमीच्या मागेपुढे, शुद्ध असो वा वद्य, संध्याकाळी पाणी चढत असतं आणि चढउतारही बेताचा असतो. किनाऱ्याची संध्याकाळ हवी असेल तर अष्टमीच्या आसपासचा शनिवार बघा. अचूक वेळेसाठी भरतीचं तक्तं आता मोबाइलवर मिळतं, पण शनिवार निवडायला पंचांग पुरे.

आणि पोहायचं म्हणाल तर मी नाहीच सांगत. देवकाचा किनारा खडकाळ आहे, जामपोरचा सपाट. तिथे भरतीचं पाणी पायाखालून कधी भरून येतं ते कळत नाही. मुलाला घोट्यापर्यंत खेळू द्या, तेवढं बस.

दिवसाची सुरुवात मात्र समुद्रावर करू नका. मोटी दमणच्या किल्ल्यात करा.

नावांवरून गोंधळ होतो म्हणून सांगते. दमणगंगेच्या दक्षिणेला मोटी दमण, उत्तरेला नानी दमण. हॉटेलं, बाजार, गर्दी, बार सगळं नानी दमणला. मोटी दमण शांत आणि झाडीचं. वापीहून येणारा रस्ता तुम्हाला आधी नानी दमणात आणतो आणि बरेच जण तिथेच अडकतात. सकाळी थेट पूल ओलांडून पलीकडे जा.

मोटी दमणचा किल्ला म्हणजे एक अख्खं वसवलेलं गाव. कॉन्स्तान्तिनु द ब्रागान्सा या पोर्तुगीज व्हाइसरॉयने १५५९ साली दमण घेतलं, आणि त्यानंतर तटबंदीचं काम काही दशकं चाललं. दहा बुरूज, दोन दरवाजे: एक उत्तरेला नदीकडे, एक दक्षिणेला जमिनीकडे. आत सरळ रस्ते, चौक, चर्च, अधिकाऱ्यांचे बंगले. आजही सरकारी कचेऱ्या आतच आहेत, त्यामुळे स्कूटरवर फायली घेऊन जाणारा कारकून आणि चारशे वर्षांपूर्वीची कमान एकाच वेळी दिसतात. तिकीट नाही.

तुम्ही वसईचा किल्ला पाहिला असेलच. तिथली छप्पर उडालेली चर्चेस, वेलींनी गिळलेल्या भिंती आठवा. वसई आणि दमण एकाच सत्तेची, साधारण एकाच काळातली, एकाच आराखड्याची गावं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगिजांच्या उत्तरेकडच्या प्रांतातलं जवळपास सगळं मराठ्यांकडे आलं. दमण आणि दीव तेवढे राहिले. वसई पुढे ओस पडली; दमणच्या किल्ल्यात माणसं राहत राहिली. म्हणून मी लोकांना सांगते, आधी वसई बघा आणि मग दमणला या. वसईत जे चर्च आभाळाकडे उघडं आहे, ते छपरासकट, वेदीसकट आणि रविवारच्या गर्दीसकट कसं दिसलं असतं ते इथे कळतं.

ते बघायचं ठिकाण म्हणजे बॉम जेझूचं चर्च, १६०३ सालचं. बाहेरून साधं वाटतं, फक्त दरवाजाभोवतीचं कोरीवकाम नीट बघा. आत उंच लाकडी छत आणि कोरीव वेदी. जवळच रोझरी मातेचं छोटं चॅपेल आहे. त्यातलं सोनेरी मुलामा दिलेलं लाकूडकाम मला मोठ्या चर्चपेक्षा जास्त आवडतं, पण ते बऱ्याचदा बंद असतं. शेजारी कुणी दिसलं तर नम्रपणे विचारा. उघडलं तर तुमचं नशीब, नाही उघडलं तर हुज्जत घालू नका. पायाखालच्या थडग्यांच्या दगडांवर अक्षरं कोरलेली आहेत, ती मुलाला बोट फिरवून वाचायला सांगा. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते. तेव्हा मागच्या बाकावर शांत बसता येतं, फिरून फोटो काढता येत नाहीत. म्हणून चर्च शनिवारी, असा क्रम ठेवा.

दहा वर्षांच्या मुलासाठी खरी मौज तटावर आहे. आपल्या डोंगरी किल्ल्यांचे बुरूज बहुतेक गोल. इथले टोकदार, बाणाच्या फाळासारखे बाहेर आलेले. कारण तोफ. गोल बुरुजाच्या अगदी पायाशी शत्रू चिकटून उभा राहिला तर शेजारच्या बुरुजावरून तो दिसत नाही. टोकदार बुरुजाची प्रत्येक बाजू शेजाऱ्याच्या माऱ्यात येते. मी मुलांना एक काम देते: तटावर उभं राहून खाली अशी एक जागा शोधा जिथे लपलं तर कुठल्याच बुरुजावरून दिसणार नाही. अर्धा तास निघतो, मोठी माणसंही सामील होतात. तटाला सगळीकडे कठडा नाही, पावसानंतर शेवाळही असतं, तेव्हा मुलाचा हात धरा. सासू-सासऱ्यांना वर चढवायची गरज नाही. नदीकडच्या दरवाजाजवळ सावलीत बसून पलीकडची नानी दमण दिसते, आणि दोन्ही दरवाजांमधला रस्ता सपाट आहे.

याच किल्ल्यात एक लहानसं घर दाखवतात, बोकाज या पोर्तुगीज कवीचं. आरमारात अधिकारी होता, गोव्यातून १७८९ साली दमणला बदली झाली, आणि काही दिवसांतच स्वारी नोकरी सोडून पळाली. पुढे पोर्तुगालमधला नामांकित कवी झाला. इतक्या थोड्या मुक्कामावर गावाने त्याचं घर जपून ठेवलं, याचं मला नेहमी हसू येतं. दीपगृह आणि डॉमिनिकन मठाचे अवशेषही इथेच आहेत. अवशेष म्हणजे खरोखर अवशेष. वसई पाहिली असेल तर पाच मिनिटं पुरतात.

नानी दमणचा संत जेरोमचा किल्ला १६१४ ते १६२७ या काळात बांधला. आकाराने लहान. नदीकडच्या भव्य दरवाजावर संताची मूर्ती आहे. आत चर्च, शाळा आणि कबरस्तान. इथे संध्याकाळी साडेचारच्या सुमारास या. तटावरून दमणगंगेचं मुख दिसतं आणि खाली मच्छीमार बोटींचा धक्का. भरतीला बोटी डोलतात, ओहोटीला चिखलात कलंडून पडलेल्या असतात, आणि इथे ओहोटीचं दृश्यही बघण्यासारखं असतं. मासळीचा वास येणार. ज्यांना सोसत नाही त्यांनी वाऱ्याची दिशा बघून उभं राहावं. नारळी पौर्णिमेला हा सगळा काठ गजबजतो. पण तेव्हा पाऊस असतो, त्यामुळे तुमच्या बेतात ते बसत नाही.

बाजारातून जाताना जैन मंदिर आहे, अठराव्या शतकातली भित्तिचित्रं, महावीरांच्या चरित्रातले प्रसंग. दमणच्या व्यापाऱ्यांकडे कधीकाळी पैसा कुठून आला याचंही एक उत्तर याच बाजारात दडलंय. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याची अफू इंग्रजांची नजर चुकवून कराचीमार्गे दमणला यायची आणि इथून मकावच्या दिशेने चीनकडे जायची. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला आणि तो रस्ता तुटला. हद्दीचा फायदा उठवणं इथे दारूपासून सुरू झालेलं नाही.

आता हद्दीचंच बोलू, कारण ती समजली नाही तर दमण म्हणजे वापीशेजारचं एक किनाऱ्याचं गाव एवढंच वाटतं.

उत्तरेला कोलक नदी, दक्षिणेला कलाई, पश्चिमेला समुद्र. मधला हा ७२ चौरस किलोमीटरचा तुकडा. जमिनीच्या सगळ्या बाजूंनी गुजरातचा वलसाड जिल्हा. महाराष्ट्राची हद्द दमणला कुठेच लागत नाही, जरी आपल्याला ते आपल्या शेजारचं वाटतं. तरी मराठी धागे इथे जागोजागी सापडतात. दमणचे पोर्तुगीज शेजारच्या रामनगरच्या कोळी राजाला चौथाई देत असत, म्हणजे आपल्या मुलखाला त्रास होऊ नये म्हणून महसुलाचा हिस्सा. १६७२ साली शिवाजी महाराजांनी रामनगर घेतलं आणि ती चौथाई आता आम्हाला द्या, अशी मागणी पोर्तुगिजांकडे केली. शंभर वर्षांनी, १७७२ मध्ये, मराठी आरमाराने सांताना नावाच्या पोर्तुगीज जहाजाचं नुकसान केलं. त्याच्या भरपाईपोटी १७७९ चा तह झाला आणि १७८३ मध्ये पेशव्यांनी नगर हवेलीची गावं पोर्तुगिजांच्या हवाली केली. नगर हवेलीतलं सिल्वासा पोर्तुगीज कसं झालं, याचं उत्तर असं पुण्याच्या दरबारात आहे.

ते परत मिळवायला पुन्हा मराठी माणसंच पुढे होती. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली, त्यात सुधीर फडके होते. मोहिमेच्या निधीसाठी पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला होता. हे सासऱ्यांना सांगा. त्या पिढीतल्या बहुतेकांना यातलं काहीतरी आठवतं आणि मग गाडीत तेच बोलत राहतात. त्यानंतर पोर्तुगालने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, की दमणहून आमच्या आतल्या मुलखात जायला वाट मिळालीच पाहिजे. १९६० चा निकाल असा: सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यासाठी पोर्तुगालला वाटेचा हक्क होता, सैन्य आणि शस्त्रांसाठी नव्हता, आणि भारताने आपलं कर्तव्य मोडलेलं नाही. म्हणजे वापीहून सिल्वासाकडे आज आपण जो रस्ता गाणी लावून पार करतो, त्याच्यावर हेगमध्ये खल झाला होता.

दमण स्वतः १९६१ च्या डिसेंबरात आलं. १८ तारखेच्या पहाटे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, दमणमध्ये शिरली. १९ ला पोर्तुगीज तुकडीने शस्त्रं खाली ठेवली. तुमचा बेत डिसेंबरचा आहे, तर १९ च्या मागेपुढे तारीख जमली तर छानच. ख्रिसमस ते ३१ डिसेंबर मात्र टाळा. तेव्हा सगळं दक्षिण गुजरात दमणमध्ये असतं आणि हॉटेलांचे दर ऐकून परत फिरावंसं वाटतं.

पोर्तुगीज गेले तरी सगळं गेलं नाही. मोटी दमणच्या काही ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजवर बेतलेली एक मिश्र बोली अजून बोलली जाते. १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं, त्यामुळे दमणची कितीतरी माणसं लिस्बनची कागदपत्रं करून इंग्लंडात, विशेषतः लेस्टरला स्थायिक झाली. रिक्षावाल्याशी दोन वाक्यं बोला, त्याच्या घरातला कुणीतरी तिकडे निघतोच.

राहण्याबद्दल. देवकाला हॉटेलं जास्त, शिवाय २०२३ मध्ये झालेला पाच किलोमीटरहून लांब नमो पथ आहे. फरसबंद, सपाट, ज्येष्ठांना चालायला उत्तम, आणि ओहोटी असली तरी चिखलात उतरावं लागत नाही. सौंदर्य म्हणाल तर मला तो फार गुळगुळीत वाटतो, पण सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार केला तर मीही तिथेच खोली घेईन. जामपोर दक्षिणेला, सुरूच्या बनाचा किनारा. संध्याकाळ तिथली बरी. घोडे, उंट, पॅराशूट असा जत्रेचा सरंजामही असतो. मुलाला हवं असेल तर भाव आधी ठरवा. जवळच पक्ष्यांचं नवं उद्यान आहे, लहान मुलांचा तास-दीड तास जातो.

जेवणासाठी मासळी ताजी मिळते: बोंबील, पापलेट, कोळंबी, खेकडे. मोठ्या हॉटेलांतल्या पंजाबी-चायनीज मेनूत मासा बुडवू नका. साधा तळलेला मागा. शाकाहारी असाल तर गुजराती थाळी आहेच, काळजी नको.

रविवारी परतताना उदवाडा करा. दमणहून जवळ आहे. इराणशाह, पारश्यांचा सर्वांत पवित्र अग्नी, १७४२ पासून इथे आहे. अग्यारीत पारशी सोडून कुणाला प्रवेश नाही, हे आधीच घरच्यांना सांगून ठेवा म्हणजे दारात हिरमोड होत नाही. पण गावातल्या लांब ओट्यांची जुनी घरं, पारशी धर्माची माहिती देणारं संग्रहालय आणि एखाद्या जुन्या पारशी हॉटेलातली पात्रानी मच्छी एवढ्यासाठीही वाकडी वाट करावी. सिल्वासा याच दोन दिवसांत घालू नका. आदिवासी संग्रहालय चांगलं आहे, वारली जीवनाची मांडणी बघण्यासारखी आहे, पण त्यासाठी वेगळा दिवस हवा.

कसं जायचं: दमणला रेल्वे नाही, स्टेशन वापी, तिथून बारा-तेरा किलोमीटर, रिक्षा-टॅक्सी मिळतात. बोरिवलीहून वापीला थांबणाऱ्या सकाळच्या गाड्या बऱ्याच आहेत. आरक्षण करून आरामात या. स्वतःच्या गाडीने यायचं तर घोडबंदर आणि मनोरपर्यंतच्या कोंडीचा भरवसा नाही, पहाटे पाचच्या आत डोंबिवली सोडा. गाडी असण्याचा एक मोठा फायदा हिवाळ्यात आहे: पारडी-वलसाडच्या बाजूला हायवेलगत उंबाडियुं मिळतं, मडक्यात पाल्याचा थर देऊन जाळावर शिजवलेली पापडी, रताळी, कंद. उदवाड्याहून थोडं उत्तरेला जावं लागतं, पण डिसेंबरात ते चुकवू नये.

आणि बाटली. विचारलं नाहीत, पण प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी हळूच विचारतो म्हणून लिहिते. दमणमध्ये दारू कायदेशीर आणि स्वस्त आहे. पण दमणमधून जमिनीवरून बाहेर पडायचा प्रत्येक रस्ता गुजरातमधून जातो, वापी स्टेशनसुद्धा गुजरातेत आहे, आणि गुजरातेत दारूबंदी आहे. बॅगेत सीलबंद एकच असली, तिकीट मुंबईचं असलं, तरी हद्द ओलांडताच तो गुन्हा. पिऊन निघणं हाही गुन्हा, आणि तपासणी रविवारी संध्याकाळी जास्त असते. तेव्हा ज्यांना घ्यायची त्यांनी शनिवारी रात्री हॉटेलात घ्यावी, आणि रविवारी गाडी चालवणाऱ्याने तीही नको.